गाळलेला थांबा

तीन नंबरच्या कार्डानंतर चार नंबरचं कार्ड होतं. पण तो चार पेन्सिलीने लिहिलेला होता आणि त्याच्याखाली माझ्या शाईतला पाच अजून दिसत होता. खोडरबर नीट चाललेलं नव्हतं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पुढे सहाचा पाच झाला होता, साताचा सहा. मधलं एक कार्ड कुणीतरी काढून घेतलं होतं आणि बाकीची पुढे सरकवली होती.

मी बंगळूरच्या टोकाला, बोम्मसंद्र्याच्या मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली उभी होते. रविवारची सकाळ होती. दहा महिन्यांनी मी चालायला आले होते, आणि कोणतं कार्ड गेलंय हे कळायला मला जुडी चाळायची गरज नव्हती.

कार्डांचं आधी सांगते. माझी सगळी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. पुस्तकांची यादी कंप्युटरवर गेली तेव्हा लाकडी खणांतली हजारो कार्डं रद्दीत निघाली. एका बाजूला टाइप केलेलं, पाठ कोरी, खाली सळई ओवायचं भोक. मला ती टाकवेनात. दोन खोकी घरी आणली. बरीच वर्षं ती पलंगाखाली तशीच होती. मग हे चालणं सुरू झालं आणि त्यांना काम मिळालं.

पूर्वी बंगळूरच्या पेठेतून लोक होसूरच्या टेकडीवरच्या महादेवाला पायी जात. डोक्यावर गाठोडं, त्यात शिधा आणि एक जोडी कपडे. वाटेत मंडप होते, विहिरी होत्या, तलावांच्या बांधावर टेकायला दगड होते. पुढे त्या वाटेवरून मोठा रस्ता गेला, रस्त्यावर पूल आला, दोन्ही बाजूंना कारखाने आले आणि वाट राहिली ती तुकड्यातुकड्यांनी, भिंतींच्या मागे. मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी गावांचे जुने नकाशे जुळवून ती शोधून काढली. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते कानडी आहेत आणि आमचं सगळ्यांचं बोलणंही कानडीतच चालतं. सुरुवातीला आम्ही सात जण होतो. आता कधी वीस असतात, कधी तीस. पूर्ण वाट एका दमात कुणी चालत नाही. महिन्यातल्या एका रविवारी एक टप्पा, पुढच्या महिन्यात जिथे सोडलं तिथून पुढे. चार महिन्यांत टेकडी गाठायची आणि पुन्हा चिकपेटपासून सुरुवात करायची.

प्रत्येक थांब्याचं एक कार्ड, आकडे दर टप्प्याला एकपासून. ते मी लिहायचं आणि मीच वाचायचं. अण्णांचा एक नियम होता, तो नव्या माणसांना फार जाचक वाटायचा. थांब्यावर पोचलं की कार्ड वाचून होईपर्यंत पाणी प्यायचं नाही. "आधी ऐकायचं, मग प्यायचं," ते म्हणायचे. "तहान लागली की माणूस नीट ऐकतो." चिकपेटात साड्यांचं दुकान असलेल्या एक बाई आमच्यात आहेत. आमच्यासारख्याच इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या, माझ्याच वयाच्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात आणि त्या मला 'लायब्ररी' म्हणतात. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "अण्णा, हिचं कार्ड लांबलं तर एखादा मरेल हो. लायब्ररी, स्वल्प लवकर वाच."

माझी मुलगी पहिल्या वर्षी आमच्याबरोबर असायची. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले, त्यामुळे रविवार आम्हा दोघींचा असे. तो दगड आम्हाला सापडला त्या दिवशी ती होती. बोम्मसंद्र्यात मोठ्या रस्त्यापासून डावीकडे एक गल्ली आत जाते. तिथे एका कारखान्याची लांब भिंत आहे आणि भिंत संपते तिथे, चहाच्या गाडीला लागून, तो उभा आहे. दोन उभे दगड, माणसाच्या खांद्याएवढे, आणि त्यांच्यावर एक आडवी शिळा. कानडीत त्याला होरेगल्लू म्हणतात, म्हणजे ओझ्याचा दगड. डोक्यावर भारा घेऊन एकट्याने चालणाऱ्या माणसाची अडचण अशी की भारा खाली ठेवला तर पुन्हा उचलून डोक्यावर द्यायला कुणीतरी लागतं. या दगडाशी उभं राहायचं, भारा शिळेवर सरकवायचा, दम खायचा आणि जाताना पुन्हा तसाच चुंबळीवर ओढून घ्यायचा. दुसरा माणूस लागत नाही.

माझ्या मुलीने खांद्यावरची लॅपटॉपची बॅग काढून शिळेवर ठेवली होती. "आई, हे आयटीवाल्यांसाठी प्रत्येक सिग्नलला एकेक हवं," ती म्हणाली.

त्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने अण्णांना दगडाची गोष्ट सांगितली. ती त्या भागात, तमिळ मुलखाच्या सीमेवर, आणखीही ठिकाणी ऐकायला मिळते. त्या दिवशी घरी आल्यावर मी कार्ड लिहिलं. ते मला पाठ आहे.

"थांबा ४. होरेगल्लू. दोन उभे, एक आडवा. पोटात मूल असताना एखादी बाई वारली तर घरचे वाटेवर असा दगड उभा करत. तिचं ओझं उतरायचं राहिलं. वाटसरूने इथे आपलं ओझं टेकलं की तिचंही थोडं हलकं होतं, असं मानत."

बस, एवढंच. मला ते कार्ड आवडलं होतं, हे मी लपवत नाही. एकही शब्द जास्त नाही, असं वाटलं होतं.

दोन वर्षांनी माझ्या मुलीला पाचवा महिना लागला तेव्हा ती आठवडाभर माझ्याकडे राहायला आली होती. जेवणाच्या टेबलावर मी कार्डं लावत होते आणि ती भिजवलेले शेंगदाणे खात एकेक उचलून वाचत होती. चौथं कार्ड तिच्या हातात गेलेलं मी पाहिलं आणि माझा हात आपोआप पुढे झाला.

"अगं, ते दे. क्रम चुकेल."

"थांब ना." तिने ते पूर्ण वाचलं. "किती शांतपणे लिहिलंयस गं."

"मग कसं लिहायचं?"

"नाही, बरं लिहिलंयस. पण तिचं नाव नाही यात."

"नाव कुणालाच माहीत नाही."

"मग तसं लिही ना. नाव माहीत नाही, असं. नाहीतर वाटतं, तुला नावाची गरजच वाटली नाही."

तिच्यासमोरच मी शेवटी एक ओळ वाढवली. "बाईचं नाव माहीत नाही." ती वाळेपर्यंत कार्ड हातात धरून बसले. माझा चेहरा तिने वाचला असणार. ती हसली. "दगडाने काय होतंय आई? तू कधीपासून हे असलं मानायला लागलीस?"

मी काही मानत नव्हते. पण ती परत गेल्यावर ते कार्ड फाडून टाकावं असं माझ्या मनात आलं होतं. फाडलं नाही. एवढी शिकलेली बाई, असल्या गोष्टीपायी कार्ड फाडणार? पुढे जे झालं त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या न फाडलेल्या कार्डाशी भांडत होते. त्यात काही अर्थ नाही हे मला कळत होतं. भांडण थांबत नव्हतं.

आठव्या महिन्यात, एका साध्या दुपारी, तिचा रक्तदाब एकाएकी वाढला. जावयाचा फोन आला तेव्हा मी डाळ शिजत लावली होती. हॉस्पिटलात पोचले तेव्हा तिला आत नेलं होतं. संध्याकाळच्या आत दोघी गेल्या. मुलगी होती.

त्या दिवसाबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही. त्यानंतरच्या दिवसांबद्दल एक गोष्ट लिहिते. हळूहळू माझ्यासमोर कुणी तिचं नाव घेईना. शेजारी 'ती' म्हणत. बहीण फोनवर 'ते झालं तेव्हा' म्हणे. दूधवाला तिच्याबद्दल नेहमी विचारायचा, त्यालाही कुणीतरी सांगितलं असावं. तो नुसता पिशवी ठेवून जायला लागला. जावई दर रविवारी फोन करायचा. तो मूळचा पुण्याचा, बंगळुरातच हेब्बाळला नोकरी, तिथेच त्यांचा फ्लॅट.

"आई, जेवलात?"

"जेवले. तू?"

"हो. ऑर्डर केलं होतं."

मग थोडा वेळ दोघंही श्वास ऐकायचो आणि फोन ठेवायचो. त्यानेही तिचं नाव घेतलं नाही. मीही नाही. कुणी मना केलं नव्हतं. सगळे मला जपत होते आणि मी सगळ्यांना. एवढ्या जपण्यात तिचं नाव घराबाहेर निघून गेलं.

त्या रविवारी सकाळी स्टेशनच्या जिन्यावरून जावई उतरताना दिसला तेव्हा मी चकित झाले. आधीच्या फोनवर मी बोम्मसंद्र्याहून चालणार असल्याचं म्हटलं होतं, इतकंच. शहराच्या एका टोकाहून तो दुसऱ्या टोकाला आला होता. दाढी वाढलेली. पाठीवर एक राखाडी बॅग.

बॅग मी ओळखली. हॉस्पिटलात न्यायची म्हणून माझ्या मुलीने सातव्या महिन्यातच ती भरून दाराशी ठेवली होती. त्यात माझ्या जुन्या सुती साड्यांची दुपटी होती, मी शिवलेली. दोन टोपडी, चार झबली. एवढी घाई झाली त्या दुपारी की बॅग न्यायचीच राहिली.

"मीही येऊ का आई?" तो म्हणाला. "म्हणजे, चालेल ना?"

"ये की."

"नेक्स्ट वीक मी पुण्याला शिफ्ट होतोय. फ्लॅट सोडला. फोनवर सांगायचं नव्हतं."

बॅगबद्दल त्याने काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अक्का पुढे आल्या, त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "काय हो जावईबापू, एवढं काय घेतलंय? आम्ही संध्याकाळी परत येतो हो, काशीला नाही चाललो." तो कसनुसा हसला. अक्कांना बॅगेचं ठाऊक नव्हतं. त्यांनी मला कार्डांची जुडी दिली. मी नव्हते तेव्हा वाचायचं काम त्यांच्याकडे होतं. तेव्हा मी ते पेन्सिलीचे आकडे पाहिले.

आम्ही निघालो. पहिला थांबा तलावाचा बांध. दुसरा मंडप, त्यात आता कुणीतरी टायर रचून ठेवलेत. तिसरी विहीर, वर लोखंडी जाळी बसवलेली. तिन्ही कार्डं मी वाचली. दहा महिन्यांनी मोठ्याने वाचत होते. लोक तहानेने उभे राहून ऐकत होते. जावई सगळ्यात मागे. बाकीचे थांब्यावर पिशव्या खाली ठेवत. त्याने बॅग एकदाही पाठीवरून काढली नाही.

विहिरीनंतर वाट डावीकडच्या गल्लीत वळते. अण्णा वळले नाहीत. ते सरळ पादचारी पुलाच्या पायऱ्या चढायला लागले.

"अण्णा, गल्ली?" मी विचारलं.

"गटाराचं काम काढलंय मेडम," ते मागे न बघता म्हणाले. "फार खोदलंय. पलीकडून जाऊ."

अक्का माझ्या शेजारी आल्या आणि बोलायला लागल्या. दुकानातल्या नव्या मालाबद्दल, सुनेच्या गुडघ्याबद्दल, मेट्रोत म्हाताऱ्यांना जागा न देणाऱ्या पोरींबद्दल. अक्का नेहमीच बोलतात, पण मध्ये श्वास घेतात. त्या दिवशी घेत नव्हत्या. पुलावरून मी डावीकडे पाहिलं. कारखान्याची लांब भिंत वरून दिसते. गल्लीत एक टेम्पो उभा होता, दोन मुली सायकलवर चालल्या होत्या. कुठेही काही खोदलेलं नव्हतं.

मी अक्कांबरोबर चालत राहिले. खरं सांगते, मला बरंही वाटलं. आता ते वाचावं लागणार नाही. त्याच्यासमोर तर नक्कीच नाही. त्याला त्या दगडाबद्दल काय माहीत असणार. पुलाच्या पायऱ्या उतरताना मी मनातल्या मनात अण्णांचे आभार मानले आणि खाली पोचेपर्यंत मला त्याची लाज वाटली.

पलीकडे चहाला थांबलो. जावई दोन कप घेऊन माझ्याजवळ आला. एक मला दिला.

"आई, तो दगड कुठेय?"

"कोणता?"

"ओझ्याचा. मागे राहिला का?"

"तुला कसा ठाऊक?" मी विचारलं.

"तिने सांगितलं होतं मला," तो म्हणाला. "तुमचं कार्ड पण. घरी आल्यावर म्हणाली, आईने माझ्यासमोर एक ओळ वाढवली आणि घाबरली. हसत होती खूप." त्याने चहा प्यायला नाही. "मी त्यासाठीच आलोय. ही बॅग ट्रकमध्ये टाकायला नको वाटलं. तुमच्याकडे आणून द्यायची पण हिंमत होईना. तीन महिने गाडीच्या डिकीत आहे. म्हटलं, एकदा तिथे ठेवून बघू. मग काय ते ठरवू."

मी कप बाकावर ठेवला आणि अक्कांकडे गेले.

"चौथं कार्ड कुठाय?"

"कसलं चौथं?" अक्का म्हणाल्या. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि अण्णांकडे वळल्या. अण्णा बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले.

"फेकलं तर नाहीस ना?"

"छे गं! फेकेन होय?" त्यांनी कमरेची छोटी पर्स उघडली. सुपारीच्या डबीखालून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं कार्ड काढलं. "हे बघ. कोपरासुद्धा मोडलेला नाही."

"किती दिवस नाही वाचलंत हे?"

"वाचत होतो की. तू नव्हतीस तेव्हा दोन फेऱ्या झाल्या, दोन्ही वेळा मीच वाचलं. तू येणार म्हणालीस म्हणून काढलं." त्यांचा आवाज बदलला. "तुझ्याकडून हे कसं वाचून घ्यायचं? सांग ना. आम्ही काय दगड आहोत?"

अण्णा उठून उभे राहिले. त्या माणसाने वर्षानुवर्षं गावांच्या हद्दी मोजल्या. दहा पावलं चुकली तर मागे जाऊन पुन्हा मोजणारा माणूस. "माझी चूक मेडम," ते म्हणाले. "वाट मी वळवली. आयुष्यात पहिल्यांदा माहीत असून वळवली."

मला रागवायचं होतं. म्हणायचं होतं, सगळ्यांसाठी तो दगड तिथेच होता, फक्त माझ्यासाठी तुम्ही तो उचललात. तुम्ही तिलाही तशीच गाळलीत. पण अण्णांचे पांढरे मोजे धुळीने माखले होते आणि अक्का पर्सची चेन लावता लावता चुकत होत्या, त्यांना लागत नव्हती. पुलावरून उतरताना मी स्वतः काय केलं होतं तेही मला आठवत होतं.

"आम्ही दोघं जाऊन येतो," मी म्हटलं. "तुम्ही व्हा पुढे."

"सरी," अण्णा म्हणाले. ठीक आहे. आम्ही पुलाच्या पायऱ्या चढायला लागलो आणि मागून पावलं ऐकू आली. सगळेच येत होते. अण्णांनी कुणाला सांगितलं नसावं. ते फक्त वळले असतील.

दगड होता तसाच होता. कारखान्यात रविवारीही एक पाळी चालते. चहाच्या गाडीभोवती कामगार उभे होते आणि शिळेवर त्यांची हेल्मेटं, दोन डबे आणि कुणाचा तरी स्वेटर ठेवलेला होता. जावई बॅग काढून हातात धरून उभा राहिला. एका कामगाराने त्याच्याकडे पाहिलं आणि न विचारता आपलं हेल्मेट उचललं. "इडी, इडी," तो म्हणाला. ठेवा, ठेवा.

बॅग शिळेवर बसली. जावयाच्या शर्टाच्या पाठीवर बॅगेच्या आकाराचा ओला डाग पडला होता. सकाळपासून मी पहिल्यांदाच त्याची पाठ पाहत होते.

लोक अर्धगोल करून उभे राहिले, नेहमीसारखे. कुणी पाणी काढलं नाही. मी कार्ड पाकिटातून काढलं. ते मला पाठ होतं, पण मी वाचूनच दाखवलं. सुरुवात ठीक गेली. "पोटात मूल असताना" इथे मी थांबले. कामगारांचं बोलणं बंद झालं होतं. मग मी पुढचं वाचलं. तिचं ओझं उतरायचं राहिलं. वाटसरूने इथे. हलकं होतं, असं मानत. प्रत्येक शब्द वेगळा पडत होता. शेवटची ओळ राहिली.

"बाईचं नाव माहीत नाही," मी वाचलं.

आणि जावयाने तिचं नाव घेतलं. मोठ्याने नव्हे. शिळेकडे पाहत, जसं आपण घरात दुसऱ्या खोलीतल्या माणसाला हाक मारतो तसं. दहा महिन्यांनी मी ते नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. मी मानेनेच हो म्हटलं, जणू त्याने मला काही विचारलं होतं. अक्कांनी मला धरलं, चहावाल्याने स्टूल दिलं, आणि मी त्या गल्लीत, अनोळखी माणसांसमोर, दहा महिन्यांचं रडले. अक्का माझं डोकं पोटाशी धरून म्हणत होत्या, "रड गं, रड. पाणी नंतर पी."

बऱ्याच वेळाने अण्णांनी आपल्या बाटलीचं झाकण उघडलं. मग सगळे प्याले.

निघायची वेळ झाली. अजून चार थांबे होते. जावई बॅग काढायला पुढे झाला.

"मला दे," मी म्हटलं.

"जड आहे आई."

"ठाऊक आहे. त्यातलं अर्धं मी शिवलंय."

तो बाजूला झाला. मी शिळेला पाठ लावून उभी राहिले, मागे हात नेऊन पट्टे चाचपले, त्यांत हात घातले आणि बॅग ओढली. मी ठेंगणी आहे. ती धपकन पाठीवर आली आणि मी एक पाऊल पुढे फेकली गेले. तो सावरायला आला. मी नको म्हटलं. कार्डावर मी हलकं होतं असं लिहिलं होतं. ते तसं झालं नाही. होतं तेवढंच वजन होतं, फक्त आता ते माझ्या पाठीवर होतं आणि त्याची पाठ मोकळी होती. तो माझ्या शेजारून चालायला लागला तेव्हा त्याचे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं.

पुढच्या थांब्यावर कार्ड काढलं. वरचा पेन्सिलीचा चार पाहून मी "थांबा पाच" असं म्हटलं.

गुरुवारी तो पुण्याला गेला. बॅग माझ्याकडे आहे, जेवणाच्या टेबलाच्या शेजारच्या खुर्चीवर. चेन मी अजून उघडलेली नाही. कधी उघडेन ते माहीत नाही. टेबलावर बसून मी सगळे आकडे शाईने पुन्हा घातले, चौथं कार्ड त्याच्या जागी ओवलं. हलकं होण्याचं वाक्य खोडावं का, असा विचार केला. लोक तसं मानत होते, हे तर खरंच आहे. तसंच राहू दिलं.

पुढच्या रविवारी त्याचा फोन आला.

"आई, जेवलात?"

"जेवले. तू?"

"आज करतोय घरी." मागे भांड्याचा आवाज आला. मग त्याने तिचं नाव घेतलं, सरळ, वाक्याच्या मधोमध, जसं पूर्वी घ्यायचा तसं. ती आमटीत आधी गूळ घालायची की चिंच, असं त्याला विचारायचं होतं.

"चिंच," मी म्हटलं. "गूळ शेवटी. आणि उकळी आली की लगेच आच कमी करायची. ती नेहमी विसरायची."

"हो," तो म्हणाला. "ओट्यावर सांडायची."

त्याच्या इथे काहीतरी उकळत असल्याचा आवाज येत होता. फोन मी ठेवला नाही. त्यानेही नाही.